दाब, धर, सोड

फॅनबेल्टचं गाडीत एकच काम असतं. सूर्यभानच्या घरी त्याला दोन होती. काठाला फाटलेला, गाडीच्या उपयोगाचा न राहिलेला पट्टा तो टाकून देत नसे. दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवी, आणि शर्यत हरून आला की आधी चपला काढी, मग पट्टा. त्या क्रमाची पुष्पावतीला इतकी सवय झाली होती की चपला वाजल्या की ती हातातलं पातेलं खाली ठेवायची. पातेलं जर्मनचं. पोचा पडला की सरळ होत नाही. माणसाचं बरं असतं, आपोआप सरळ होतं.

सूर्यभान देवळाली प्रवऱ्याच्या श्रीमंतरावांचा ड्रायव्हर. श्रीमंतरावांचा ऊस कालव्यावरचा, त्यामुळं शौक परवडायचे. आधी शर्यतीचे बैल होते. सूर्यभानच्या बापानं ते वीस वर्षं हाकले आणि एका जत्रेत तो त्याच गाड्याच्या चाकाखाली गेला. श्रीमंतरावांनी बैल विकले आणि फियाट घेतली. बसायला नव्हे, पळवायला. नगरच्या बाहेर माळावर लढाईच्या वेळची विमानं उतरायची जुनी पट्टी होती. सिमेंट फुटलेलं, भेगांतून कुसळं वर आलेली. पट्टीच्या शेजारून मुरमाचा रस्ता काढून, दोन्ही टोकांना वळणं देऊन, साखर कारखान्यांच्या भागातल्या हौशी मंडळींनी तिथं मोटारी पळवायला सुरुवात केली. मंडळी तीच, बैल पळवणारी. फक्त शेपटी पिरगाळायची सोय राहिली नव्हती, तेवढा राग मग माणसांवर निघायचा.

पट्टी लांबच लांब सरळ आणि वळणं मात्र विळ्यासारखी. सरळ रस्त्याला गाडी कुणीही हाणतो. वळण अंगावर येईपर्यंत जो थांबतो, अगदी शेवटाला ब्रेक दाबतो, आणि दाबल्यावर ज्याचा ब्रेक लागतो, तो जिंकतो. दिवाळीच्या शर्यतीत सूर्यभान थांबला होता, शेवटाला दाबलाही होता. पण सारखा दाबून दाबून ब्रेकचं ऑइल उकळलं होतं. पेडल लोण्यात पाय जावा तसं तळाला गेलं, फियाट वळण सोडून बाभळीत शिरली, आणि शेवगावचा गोरक्ष आपली अँबॅसिडर घेऊन आरामात पुढं निघून गेला. त्या दिवशी सूर्यभाननं माळावरच क्लीनरचा जबडा मोडला आणि घरी येऊन पुष्पावतीचं मनगट. क्लीनर आपल्या गावी गेला. पुष्पावतीला जायला गाव नव्हतं असं नाही. जामखेडकडची ती. पण बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच, आणि तिचे भाऊ, भावजया, म्हातारी आई सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. माहेरी जावं तर माहेरच घरी नव्हतं.

क्लीनर गेल्यावर ब्रेकची हवा काढायला दुसरा माणूस लागे. कारण ते काम एकट्याचं नव्हे. एकानं गाडीखाली झोपून चाकामागचं छोटं निपल सैल करायचं, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. ऑइलमध्ये हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पाय फसतो. सूर्यभानच्या हाताखाली यायला आळीत कुणी तयार होईना. जबडा सगळ्यांनाच असतो. म्हणून मग पुष्पावती आत बसली.

"दाब," खालून आवाज यायचा.

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

निपलमधून ऑइल फुर्रकन बाहेर पडायचं. त्यात बुडबुडे दिसले की खालून एक शिवी यायची. निपल आवळलं जायचं.

"सोड."

पहिल्यांदा ती एकदा लवकर सोडून बसली, निपल उघडं असताना. हवा उलट आत गेली. सूर्यभान गाडीखालून निघाला आणि हातातला पाना त्यानं तिच्या नडगीवर मारला. त्यानंतर तिचा पाय कधी चुकला नाही. पुढं पुढं तर पेडल कितपत घट्ट आलंय हे पायाच्या अंगठ्यालाच कळू लागलं. चाकातला लोखंडी ड्रम, त्याला आतून घासून चाक थांबवणारे शू, शूवरचं लायनर, सगळ्याची काळजी तीच घ्यायला लागली. लायनरला ग्रीसचं बोट लागलं तर पुसून काढायची, ऑइलचा डबा झाकून ठेवायची, गाडी पळून आली की हँडब्रेक ओढू द्यायची नाही. तापलेल्या ड्रमला शू चिकटून बसतात, ड्रम वाकडा होतो, हे तिनं क्लीनरकडून ऐकलेलं. चाकाला दगड लावायची. लोक म्हणत, सूर्यभानची बायको नवऱ्याच्या धंद्यात किती जीव लावते. लावत होतीच. पेडल तळाला गेलं की तिचं हाड मोडायचं, मग जीव न लावून कसं चालेल?

माघात पुन्हा शर्यत ठरली. श्रीमंतराव गाडीशी येऊन उभे राहिले, धोतराचा सोगा हातात धरून.

"सूर्यभान, शेवगाववाल्याच्या मागं आलास तर किल्ली टेबलावर ठेवायची आन् खोली मोकळी करायची. बाकी मी काय बोलत न्हाई."

ते गेले. सूर्यभाननं हातातला पाना फडक्यानं पुसून खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "पुष्पे, आईकलं का? ह्या टायमाला ब्रेक गेला तर तुला आडात टाकतो."

चिडून बोलला असता तर तिला एवढी भीती वाटली नसती. चिडून बोललेलं तो विसरायचा. शांतपणे बोललेलं तो करायचा. आड खोलीच्या मागंच होता, आणि त्याला त्या साली थेंब नव्हता. म्हणजे बुडून मरायचीही सोय नव्हती, नुसतं खडकावर आपटायचं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी श्रीमंतरावांचा ट्रक निघाला. भाकरीच्या टोपल्या, डालडाचे डबे, ढोल, गडी, आणि या वेळी बायकाही. पुष्पावती पेडलसाठी म्हणून होती. आणि सूर्यभानची आई रंगुबाई, तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तीही चढून बसली. मांडीत पितळेची कळशी, तोंडाला फडकं बांधलेली.

"आत्याबाई, पानी कशाला घेतलं एवढं? तिथं टँकर येनार हाय."

"टँकरचं पानी काय कुनाच्या पायावर घालतेत व्हय? घरचं लागतं." रंगुबाईनं कळशी जवळ ओढली. "तुझा सासरा बैल पळवून आला की मी आधी बैलांच्या खुरांवर पानी घालायची. मग त्याच्या पायावर. वरून भाकरतुकडा. येका जत्रंला मी तापानं पडले व्हते, गेले न्हाई. पानी न्हाई पडलं. त्याच जत्रंला गेला त्यो."

हे ती नेहमी सांगे. नवऱ्यानं तिला आयुष्यभर आसूडानं मारलं होतं, हेही सांगे, आणि दोन्ही एकाच आवाजात. पुष्पावतीच्या पाठीवर वळ उठले की हळद उगाळून लावणारी तीच, आणि लावता लावता "पुरुषाचा हात हाय, पडायचाच" म्हणणारीही तीच. ती कळशी भरायला रंगुबाई पहाटेपासून कोरड्या कालव्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीनं पाणी उपसत होती. तिच्या पोराच्या वाट्याचं ते पाणी.

माळावर पट्टीच्या वळणाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. खडीचे ढीग लावलेले. खडी फोडणाऱ्या बाया पदराखाली पोरं घेऊन बसलेल्या, हातोड्यांचा आवाज एकसारखा. मोटारी घरघरायला लागल्या तसे हातोडे थांबले. मुकादम ओरडला. पुन्हा सुरू झाले.

शर्यत दोनदा पळायची. सकाळच्या फेऱ्यांत जे दोघं पुढं येतील त्यांची दुपारी शेवटची.

सकाळी सूर्यभान सुटला तो दातओठ खाऊनच. गोरक्षची अँबॅसिडर त्याच्या शेजारी. सरळ पट्टीवर दोन्ही गाड्यांच्या कडा एकमेकींना घासत होत्या, मडगार्डाचा पत्रा किंचाळत होता. वळणाशी दोघंही थांबत होते, कोण आधी पाय टाकतो म्हणून. फियाटच्या चाकांतून निळा धूर यायला लागला. करपलेल्या लायनरचा वास पुष्पावतीच्या नाकात शिरला आणि तिचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. शेवटच्या वळणाला गोरक्षनं फियाटच्या मागच्या दाराला धडक दिली. फियाट हेलपाटली, सरळ झाली, आणि नाकाच्या अंतरानं पुढं आली. अँबॅसिडर दुसरी.

नियम असा, की पळून आल्यावर एक फेरी सावकाश मारायची. ब्रेकला पाय न लावता, वाऱ्यावर ड्रम निवू द्यायचे. नियम माळाचा नव्हे, लोखंडाचा. सूर्यभानला तो पाठ होता. पण त्या दिवशी त्याला निववायला वेळ नव्हता. त्यानं गाडी बघ्यांसाठी ठोकलेल्या पालांसमोर गचकन उभी केली, दार उघडलं आणि सीटखालचा चाकाचा पाना घेऊन थेट अँबॅसिडरकडं निघाला.

पुष्पावती धावत गाडीपाशी आली. हँडब्रेक खाली आहे हे बघितलं. चाकाला दगड लावला. ड्रममधून येणारी धग तिच्या पोटऱ्यांना लागत होती. तव्याच्या वर हात धरावा तशी.

"काडतो तुझी मस्ती! दार ठोकतो व्हय रं माझं?" पलीकडून सूर्यभानचा आवाज आला.

गोरक्ष खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. पाना पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर पडला, दुसऱ्यांदा कानशिलावर. त्याला बाहेर ओढून सूर्यभाननं जमिनीवर पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. शेवगावची माणसं काठ्या घेऊन आली, देवळालीची ट्रकच्या फळ्या घेऊन. ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर घेतला, डोकं वाचवायला. कुणाचं तरी बोट तुटलं, कुणाचे दात मातीत पडले, आणि श्रीमंतराव खुर्चीवर उभे राहून "आरं, दुपारची शर्यत हाय, हात जपा!" असं ओरडत होते. कुणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुष्पावतीही सगळ्यांसारखीच तिकडं बघत होती. मागून फस्स असा आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. रंगुबाई फियाटच्या पुढच्या उजव्या चाकाशी वाकली होती. डोक्यावर पदर, ओठांत काहीतरी पुटपुटणं, आणि दोन्ही हातांत धरलेली कळशी. चाकाच्या भोकांतून पाणी आत जात होतं आणि वाफेचा लोट तिच्या तोंडावर येत होता. बैलाच्या खुरावर घालावं तसं, घाई न करता, धार न मोडता, ती घालत होती.

मग आतून आवाज आला. टण्. फार मोठा नव्हे. चुलीवरच्या तापलेल्या परातीवर पाणी सांडलं की येतो तसा.

"आत्याबाई!" पुष्पावतीनं कळशी हिसकावली. निम्मं पाणी मातीत सांडलं. खडीवरच्या बायांनी ते बघितलं आणि त्यांच्यातली एक उठून उभी राहिली.

"आगं ये रांडे! मान्साला प्यायला न्हाई आन् लोखंडाला पाजायलीस का?"

रंगुबाईच्या तोंडाला वाफ लागून लाली आली होती. तिला काही समजलं नव्हतं. "दुसऱ्या चाकाचं ऱ्हायलं की गं," ती म्हणाली. "असं अर्धं टाकू नये. अपशकुन असतो."

पुष्पावतीनं उरलेली कळशी त्या उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात दिली. ती बाई पाणी न पिता आधी पोराकडं धावली.

सूर्यभान आला तेव्हा त्याच्या शर्टावर गोरक्षचं रक्त होतं. तो हसत होता. असा तो फार क्वचित हसे, आणि त्या हसण्यात खरोखर एक उमदा माणूस दिसे. याच हसण्यावर आपलं लग्न ठरलं होतं, हे पुष्पावतीला अशाच वेळी आठवायचं.

"पुढचा उजवा ड्रम तडकला," ती म्हणाली. "गाडी काडू नगा."

हसू गेलं. "कुनी सांगितलं?"

"आवाज आला. मी आईकला."

"कशानं तडकंल? आं? कशानं?"

तिनं रंगुबाईकडं पाहिलं. म्हातारी पदरानं तोंड पुसत उभी होती. मागच्या पोळ्याला तिच्या हातून औताच्या बैलाची झूल फाटली होती, तेव्हा सूर्यभाननं तिला ढकललेलं, अजून ती कमरेत वाकून चालायची. आणि आज तर हातात पाना होता.

"तापला व्हता," पुष्पावती म्हणाली. "तुमी फेरी मारली न्हाई. आपसूक तडकला."

"आपसूक!" तो आत बसला. पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. "दगडावानी हाय. ये, तू दाबून बघ."

तिनं दाबून बघितलं. खरंच दगडासारखं होतं. तडा काय पेडलला सांगून जातो? ड्रम पुन्हा तापेल, शू आतून रेटा देतील, तेव्हा तो बोलेल. "चाक खोलून तरी बघा," ती म्हणाली. "बघायला काय जातंय?"

"दुसरा ड्रम हाय का तुझ्या बापाकडं?"

"न्हाई."

"मग बघून काय करू? घरी जाऊ? आन् तुला आडात टाकू?" मग त्याचा आवाज एकदम चढला. "निघताना त्वांड उघडतीस, अवलक्षनी!" आणि त्यानं पान्याची मूठ तिच्या तोंडावर मारली. ओठ दातात फुटला. पालांतल्या पुरुषांनी दुसरीकडं पाहिलं. बायका पाहत राहिल्या. रंगुबाई पुढं आली आणि पदरानं सुनेचं रक्त टिपत कुजबुजली, "गप ऱ्हा बाई. जिकून येऊ दे. जिकल्यावर मारत न्हाई त्यो."

ते खरं होतं. पुष्पावती गप राहिली. न गेला तर आड, जाऊन हरला तर आड. जाऊन जिंकला तर आज मार नाही. आणि तडा धरून राहिला तर? लोखंड कधीकधी राहतं धरून. बायकाही राहतातच की.

दुपारी दोनच गाड्या. गोरक्षच्या डोक्याला फेट्याचं पटकूर बांधलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. त्याच्या माणसांनी त्याला उचलून सीटवर ठेवलं होतं.

सूर्यभान सुरुवातीपासून पुढं. पुष्पावती बघ्यांसाठी कडेला बांधलेल्या दोरीला धरून उभी होती आणि प्रत्येक वळणाला तिचा पाय मातीत रुतत होता. दाब. धर. सोड. फियाट वळली. दाब. धर. सोड. पुन्हा वळली. चाकातून धूर यायला लागला. पुढच्या उजव्या चाकातून जास्त. ढोल सुरू झाला, देवळालीचे गडी नाचायला लागले, श्रीमंतरावांनी खिशातून गुलालाची पुडी काढली.

शेवटची फेरी. सरळ पट्टीवरून फियाट अशी येत होती की खालचं सिमेंट थडथडत होतं. वळण आलं. सूर्यभान थांबला. अजून थांबला.

दाब, पुष्पावतीच्या पायानं म्हटलं.

बंदुकीसारखा आवाज झाला. पुढच्या उजव्या चाकातून ड्रमचे तुकडे उडाले. एक तुकडा दोरीजवळच्या पाण्याच्या पिंपातून आरपार गेला. ड्रमच नाही म्हटल्यावर आतले शू बाहेर फेकले गेले, त्यांच्यामागून ऑइल, आणि ऑइल गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. हे सगळं पुष्पावतीला दिसलं नाही, पण पायाला कळलं. माती एकदम मऊ लागली.

फियाट वळली नाही. सरळ खडीच्या ढिगाकडं गेली. बाया पोरं उचलून पळाल्या. गाडी ढिगावर चढली, हवेत गेली, टपावर आपटली, लोळत गेली आणि उताण्या किड्यासारखी पडली. चाकं वर फिरत होती. खडीचा धुरळा बसेपर्यंत ढोल वाजतच होता, कारण ढोलवाल्याची तिकडं पाठ होती.

शेवगावच्या माणसांनी आरोळी ठोकली. देवळालीच्या माणसांनी दगड उचलले. पुन्हा डोकी फुटायला लागली, आणि त्या गर्दीतून गोरक्ष अँबॅसिडर सोडून एका डोळ्यानं वाट काढत फियाटपाशी आला. त्याच्या हातात जॅकची पहार होती. पुष्पावतीला वाटलं, आता हा खिडकीतून घालणार. त्यानं पहार दाराच्या फटीत घातली, अंगाचा भार टाकला आणि दार उचकटलं. सूर्यभानला काखेत धरून बाहेर ओढलं. मग बाजूला थुंकला. थुंकीत रक्त होतं.

"मरू नगं रं भाड्या," तो म्हणाला. "तुला माझ्या हातानं मारायचा हाय."

दाराचा पत्रा सूर्यभानच्या उजव्या मांडीत जांघेपाशी शिरला होता. पत्रा सुटला तसं रक्त उसळ्या मारत बाहेर आलं. निपल उघडल्यासारखं. पलटणीतून पेन्शनीवर आलेला एक म्हातारा गुडघ्यावर बसला, त्यानं मांडीला फेटा करकचून बांधला, तरी रक्त थांबेना. त्यानं पुष्पावतीचे दोन्ही हात धरले आणि जांघेत, शिरेवर ठेवले.

"हितं दाबा बाई. सगळा भार टाका. दवाखाना येईपर्यंत धरून ऱ्हायचं. सोडलं की खल्लास."

तिनं दाबलं. रक्त थांबलं.

श्रीमंतरावांच्या जीपमध्ये त्याला मागं आडवा टाकला. डोक्याशी रंगुबाई, मांडीशी पुष्पावती. जीप निघताना गर्दीतला कुणीतरी मोठ्यानं म्हणाला, "ब्रेकचं काम बायकोच करते न्हवं ह्याची?" दुसरा म्हणाला, "मग सांगायलाच नको. रोज मार खाते ती. ऑइलात सोडली आसंल हवा."

सूर्यभानचे डोळे उघडे होते. त्यानं ते ऐकलं.

माळाचा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला पुष्पावतीचे तळवे घसरत आणि ती पुन्हा भार टाकी. मोडून जुळलेलं मनगट ठणकत होतं. हाताखाली त्याची शीर उडत होती, एखादं पाखरू धरावं तशी. ह्या माणसाचं इतकं मऊ काही तिच्या हाती कधी आलं नव्हतं.

रंगुबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन पुढं-मागं झुलत होती. "पुष्पे, काय मोडलं गं? काय मोडलं?"

पुष्पावतीनं तिच्याकडं पाहिलं. वाफेनं भाजलेल्या गालावर आता बारीक फोड आले होते. अर्ध्यावर राहिलेल्या पाण्याचाच विचार म्हातारीच्या डोक्यात चालला असणार, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या चाकाला पाणी मिळालं नाही म्हणून हे झालं, असंच ती मरेपर्यंत म्हणणार.

"लोखंड व्हतं आत्याबाई," ती म्हणाली. "मोडलं."

"तू केलंस," सूर्यभान म्हणाला.

आवाज घोगरा होता, पण शांत. तेच शांत. त्याचा हात वर आला. तिला वाटलं, आधार शोधतोय. हातानं तिचा अंबाडा धरला, मुठीला वेढा दिला आणि खाली खेचला. तिची मान वाकली, कपाळ त्याच्या छातीपर्यंत आलं. केसांची मुळं तटतटली. एवढं रक्त जाऊनही त्या मुठीत जोर होता.

"तू हवा सोडलीस. घरी चल. आडात..."

"सूर्यभान, आरं सोड तिला!" रंगुबाई ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ओरडली असेल. तो सोडेना. अजून खेचलं. पुष्पावतीचे तळवे निसटायला लागले, बोटांच्या फटीतून गरम धार तिच्या मनगटावर आली.

घरी चल. म्हणजे हा जगणार असं त्यानं ठरवलंच होतं. आणि जगल्यावर काय करायचं तेही.

तिचं तोंड त्याच्या कानाशी होतं. फुटलेल्या ओठातलं रक्त त्याच्या कॉलरवर पडत होतं.

"सूर्यभान," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. "माझे हात कुठं हायेत, कळतंय का तुला?"

त्यानं मूठ तशीच आवळून धरली.

"ब्रेक मी नीट केला व्हता. तुला सांगितलं व्हतं, काडू नगं. आता पुन्हा सांगते. येकदाच." तिनं उजव्या तळव्याचा भार किंचित उचलला. अगदी किंचित. धार उसळली आणि त्याच्या डोळ्यांत ती दिसली. भीती. आपल्याच घरात रोज पाहिलेली वस्तू परक्याच्या घरी दिसावी, तशी तिला ती ओळखू आली.

"सोड," ती म्हणाली.

मूठ उघडली. एकेक बोट करून उघडली. हात खाली पडला.

तिनं मान वर केली, गुडघे जीपच्या पत्र्याला टेकवले आणि सगळा भार पुन्हा त्या शिरेवर टाकला. रक्त थांबलं. रंगुबाईनं हात पुढं केला आणि सुनेच्या कपाळावर आलेले केस मागं सारले, कारण पुष्पावतीचे हात रिकामे नव्हते.

"धरलंयस ना गं?" म्हातारीनं विचारलं.

"धरलंय."

माळ संपला, डांबरी रस्ता लागला. समोर नगरची घरं दिसायला लागली. सूर्यभान तिच्या हातांकडं बघत होता, डोळ्याची पापणी न हलवता. दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यानं दुसरीकडं कुठं बघितलं नाही.